बुधवारचं पान

माझ्या शाळेचं मागे सांगून झालं आहे. चौथी पास झाले आणि पुढची शाळा नदीपलीकडे होती म्हणून घरी बसले. लग्न, कराडचं घर, नवऱ्याचं आजारपण, तेही लिहिलं. या प्रकरणात मी बावन्न वर्षांची आहे आणि अमेरिकेत शॉमबर्गला मुलाच्या घरी राहते आहे. कुणी म्हणेल, वाढत्या वयाच्या आठवणींत बावन्नावं वर्ष कशाला? तर तोवर मी नुसती वयाने वाढले होते. अक्कल त्यानंतर आली, आणि तीही एका बाईचं नुकसान करून आली. म्हणून हे इथेच लिहिते.

सुहासचं घर नवीन होतं. त्या रस्त्यावरची सगळीच घरं नवीन आणि एका साच्यातली, इतकी की पहिल्या महिन्यात दोनदा मी दुसऱ्याच्या दाराला हात घातला. सकाळी सातला गराजचं दार गुरगुरत वर जायचं, सुहासची गाडी निघायची. मग सुनेची, मेघनाची. मग इराची पिवळी बस. इरा माझी नात, तेव्हा सहा वर्षांची. बस वळली की संपलं. त्यानंतर दिवसभर घरात आवाज म्हणजे हीटिंगची घरघर, मध्येच फ्रिजचा उसासा, आणि लांबून एका मालगाडीची शिट्टी. टीव्हीवर काय बोलतात ते कळायचं नाही. कराडला फोन करायचा तर कार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचा, आणि ते सुहासच करून द्यायचा, रविवारी. फोडणीवर बंदी होती. मेघना नागपूरची, बोलायला गोड. ती म्हणायची, "आई, फोडणी आपण वीकेंडला करू ना. कपड्यांना स्मेल लागतो, मग मीटिंगमध्ये लोक बघतात. आणि तो धुराचा अलार्म वाजला तर तुम्हीच घाबरता." अलार्मला मी घाबरत नव्हते. टॉवेलने झोडपून मी त्याला एकदा बंदही केलं होतं. पण घर तिचं होतं. बिनफोडणीचं वरण खाऊन मी दुपारी खिडकीशी बसायचे आणि बर्फ कधी पडतो ते बघायचे.

ते न्यूयॉर्कला विमानांचं झालं त्याच सालातली ही गोष्ट. रस्त्यावरच्या घराघरावर झेंडे लागले होते. सुहास म्हणाला, "आई, थोडे दिवस वॉकला जाऊ नकोस. लोक अपसेट आहेत. कोण कुठलं ते त्यांना कळत नाही." मी म्हटलं, "म्हणजे लुगडं नेसलेली बाई बघून पळतील का?" तो हसला नाही. पंधरा दिवस मी थांबले, मग त्याला न सांगता जायला लागले.

रस्त्याच्या टोकाला एक जुनं लाकडी घर होतं. पांढरा रंग पोपडे धरून निघालेला, पुढे व्हरांडा, मागे एक मोठं झाड. आमची सगळी वस्ती ज्या जमिनीवर होती ते पूर्वी त्या घराचं मक्याचं शेत. शेत विकलं, घर राहिलं. एके सकाळी तिथली म्हातारी पत्राच्या पेटीपाशी उभी होती. उंच, वाळकी, पुरुषी कोट घातलेली, आणि एक कार्ड नाकाला टेकवून वास घ्यावा तसं बघत होती. मला बघून तिने ते माझ्यापुढे धरलं आणि काहीतरी म्हणाली. वाचून दाखव, एवढं हातावरून कळलं. मी म्हटलं, "नो रीड. ए बी सी ओन्ली." फ्रिजवरच्या इराच्या लोहचुंबकाच्या अक्षरांवरून मला सव्वीस अक्षरं येत होती, मोठी आणि लहान दोन्ही, त्यापुढे शून्य. म्हातारी म्हणाली, "ए बी सी इज इनफ." मग मी तिथे थंडीत उभं राहून एकेक अक्षर सांगितलं, आणि ती डोळे मिटून जुळवत गेली. दाताच्या डॉक्टरचं कार्ड निघालं. ती एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

तिचं नाव हेटी. मी हेटीबाई म्हणायचे. ती मला सुमन म्हणायची, सरळ नावाने. माझ्या नवऱ्याने मला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोण आलं म्हणून. तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघायची.

मी रोज जायला लागले. इराची बस गेली की मी निघायची आणि दुपारच्या आत परत यायची. सुहासने आधी नाक मुरडलं. "आई, इथे असं कोणाच्याही घरात जात नाहीत. ती पडली बिडली तर उद्या आपल्याला स्यू करेल, कोर्टात खेचेल." मेघना म्हणाली, "जाऊ दे रे, त्यांचा वेळ जातो. पण आई, तिथलं खाऊ नका हं, त्यांच्यात बीफ असतं." हेटीबाईच्या घरात बीफ काय, धड जेवणच नसायचं. टोस्ट, पाण्यासारखी कॉफी, डब्यातलं सूप. उन्हाळ्यात मात्र मागच्या अंगणात अंबाडीसारखी लाल, आंबट देठं यायची, रूबार्ब म्हणतात. त्याचं गोड सारण भरून ती 'पाय' भाजायची, चाचपडत, पीठ सगळ्या ओट्यावर. मी तिच्या चुलीवर थालीपीठ लावलं. अलार्म तिच्या घरात होता, पण त्यातली बॅटरी तिने कधीच काढून टाकली होती. मला ती बाई आवडण्याचं पहिलं कारण ते. थालीपिठाला तिने जॅम लावला. मी मान फिरवून बसले.

ती लेखक आहे हे मला दोन-तीन महिन्यांनी कळलं, तेही मेघनाने ऑफिसात कॉम्प्युटरवर शोधलं म्हणून. घरी येऊन पर्स न ठेवताच म्हणाली, "आई! अहो ती फेमस आहे. तिची कादंबरी आहे शेतावरची, आणि तिचे निबंध इथे कॉलेजात लावतात. तुम्ही रोज जाता आणि तुम्हाला माहीत नाही?" मी म्हटलं, "तिने सांगितलं नाही." सगळ्यात गाजलेला निबंध तिच्या नवऱ्याच्या मरणावर होता. वॉल्टर त्याचं नाव. मका साठवायची पत्र्याची उंच कोठी असते, त्यात वरचा थर घट्ट बसला म्हणून तो फोडायला आत उतरला आणि खालचा मका सरकून त्यात गाडला गेला. आमच्याकडे पेवात माणसं गुदमरतात तसंच. निबंधात तिने लिहिलं होतं, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, वारा होता, मला काहीच ऐकू आलं नाही. मेघनाने मला तो मराठीत करून सांगितला आणि सांगताना स्वतःच रडली. चाळीसहून जास्त वर्षं बायका त्या निबंधावरून हेटीबाईला पत्रं लिहीत होत्या. दोन-तीन मीच तिला अक्षर-अक्षर सांगितली होती, काय सांगते ते न कळता.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात हेटीबाईने मला माडीवर नेलं आणि पुठ्ठ्याची खोकी दाखवली. काळ्या पुठ्ठ्याच्या तीसेक वह्या. रोजच्या नोंदी, कित्येक वर्षांच्या. ती म्हणाली, हे मला ऐकायचं आहे. मुलगी आहे, कॅरल, दुसऱ्या राज्यात असते, तिला वाचायला देणार नाही. युनिव्हर्सिटीची पोरं येऊन वाचतील, त्यांनाही नाही. तोवर मला तिचं बोलणं बरंच कळायला लागलं होतं, पण हे तिने मुद्दाम हळू सांगितलं. "तुला वाचता येत नाही, सुमन. म्हणून तू." मला राग आला नाही. खरं तेच होतं.

पूर्वी ती शाळेत शिकवायची म्हणून तिचं अक्षर सुटं आणि गोल होतं. मी टेबलाच्या या बाजूला, ती त्या बाजूला. मी अक्षरं म्हणायची, शब्द संपला की थांबायची. तिला शब्द लागला की ती बोटाच्या पेराने टेबलावर टक् करायची, म्हणजे पुढे. एखादं अक्षर मला ओळखू आलं नाही तर मी तिच्या तळहातावर बोटाने ते काढून दाखवायची. तासाला एक पान व्हायचं, कधी दीड. कधी ती मध्येच हसायची, कधी टक् यायला फार उशीर लागायचा, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायची. तिच्या आयुष्यातून मी अशी दोन वर्षं चालत गेले, डोळ्याला पट्टी बांधून. आज माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, पण त्या माडीच्या तेरा पायऱ्या अजून पायाला माहीत आहेत.

मग पट्टी सुटायला लागली. माणूस बैल नाही, रोज एका वाटेने गेला तर वाट दिसतेच. आधी लहान लहान शब्द दिसले. मग पाऊस. मग कॅरल, वॉल्टर, सूप. मग एके दिवशी एक अख्खी ओळ मी म्हणायच्या आधीच मला कळली: आज अंडी न्यायला कोणी आलं नाही. बावन्न, नाही, तोवर चौपन्न वर्षांची बाई, आणि मला कोणी न शिकवता वाचता येत होतं. घरी येऊन मी इराचं एक पुस्तक सबंध वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आजी, यू साउंड फनी, बट यू कॅन रीड!" हेटीबाईला मात्र मी सांगितलं नाही. तिने स्पष्ट सांगितलं होतं, वाचता येत नाही म्हणून तू. सांगितलं असतं तर सकाळ बंद झाली असती आणि मी परत खिडकीशी बिनफोडणीचं वरण घेऊन बसले असते. मी अक्षरं म्हणत राहिले, मुद्दाम एका सुरात.

तिसऱ्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचा माणूस येऊन गेला. तिची सगळी कागदपत्रं त्यांना हवी होती. तो गेल्यावर हेटीबाई बराच वेळ कोटाची बटणं लावत आणि काढत बसली. मग म्हणाली, "मी एक पान शोधते आहे." आणि तिने सांगितलं. वॉल्टर गेला त्या दिवशी ती अंगणात नव्हती. माडीवर याच टेबलाशी लिहीत होती. आणि तिला वाटतं की वॉल्टरने हाक मारली ती तिला ऐकू आली होती, आणि ती लगेच उठली नाही. पण निबंधात तिने वेगळं लिहिलं, आणि तो निबंध ती गावोगाव एवढ्या वेळा वाचत हिंडली की आता तिला वारा आठवतो, चादरी आठवतात, हातातले चिमटे आठवतात. खरं काय ते तिचं तिलाच कळेना. दफन झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने वहीत लिहिलं असणार. वहीत ती खोटं लिहीत नसे.

मी विचारलं, "आता कशाला? त्याला जाऊन किती वर्षं झाली."

"तसं लिहिलेलं असेल तर कॅरलला मी माझ्या तोंडाने सांगणार. आणि लिहिणार. तो शेवटचा निबंध. नसेल तर गप्प बसणार." मग माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "मला मरायच्या आधी कळायला हवं, सुमन. बरं वाईट काही असो."

एवढं स्वच्छ सांगितलं होतं तिने. माझी बाजू घेऊन ते कुणी झाकू नये म्हणून लिहून ठेवते.

ती वही निघाली ती मार्चमध्ये. बाहेर बर्फ वितळत होता आणि पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. सोमवार: दफनानंतर कोणी काय पदार्थ आणून दिला त्याची यादी, कुणाचं भांडं परत करायचं ते. मंगळवार: कॅरल शाळेत जायला तयार नव्हती, तिला ओढत नेलं. मी पान उलटलं. बुधवार. आठ-नऊ ओळीच होत्या. मी नेहमीप्रमाणे आधी डोळ्यांनी वाचल्या. त्याने दोनदा हाक मारली. मी ऐकली. माझं वाक्य अर्धं होतं. ते मी पूर्ण केलं, आणि वाचून पाहिलं, आणि मग खाली गेले.

"बुधवार?" हेटीबाईने विचारलं.

मी म्हटलं, "नो वेन्सडे. एम्प्टी."

विचार करायला एक क्षणही लागला नाही. आमच्याकडे हे असंच करतात. माझे वडील गेले तेव्हा मामा मला न्यायला आला आणि म्हणाला, "दादांना जरा बरं नाही, चल." मला चपला घालतानाच कळलं होतं. एस.टी.त तो माझ्याकडे न बघता बसला, मध्ये उतरून मला केळी आणून दिली, आणि मी ती खाल्ली. कंडक्टरलासुद्धा माझं तोंड बघून कळलं असणार. पण घराच्या वळणावर लोक दिसेपर्यंत बोललं कुणीच नाही. पुढे मीही दोघा-तिघांना असंच नेलं. नणंदेला मी तिच्या नवऱ्याची खबर "सीरियस आहेत" म्हणूनच दिली. वाईट खबर तोंडावर मारत नाहीत, एवढंच माणूसपण मला शिकवलेलं होतं, आणि ते माझ्या जिभेवर अक्षरांच्या आधी आलं.

हेटीबाईने हात पुढे केला. पेन दाबून लिहायची तिची सवय, लिहिलेलं पान तिला बोटांनी ओळखू यायचं. मी वहीच्या शेवटी गेले, तिथे पानं कोरी होती, आणि तिचा हात धरून एका कोऱ्या पानावर ठेवला. ती पान चाचपत राहिली. वरून खाली, परत वर. इस्त्री करावी तशी.

"गुरुवार?"

"नो. फ्रायडे." आणि मी शुक्रवारची अक्षरं म्हणायला लागले. टेबलावर टक् आलंच नाही.

ती म्हणाली, "म्हणजे ती हाक मीच बनवली. एवढी वर्षं." मग तिने खालच्या मजल्यावरून कॅरलला फोन लावला, माझ्यासमोर. "तुला मी म्हटलं होतं ना, काहीतरी सांगायचं आहे. तसं काही नाही. मी तपासलं." पलीकडे कॅरल काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हेटीबाई हसत होती. मला वाटलं, बरं झालं. वाटलं, उद्या थालीपीठ करावं.

पण ती सुटली नाही, रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आता वह्या पुरे. निबंध मागणाऱ्या मासिकाला तिने नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, "ते एक होतं म्हणून मी लिहीत होते, सुमन. आता कशावर लिहू? रूबार्बवर?" मी गेले की ती खुर्चीत डोळे मिटून असायची. मी सूप करायची, ती अर्धं ठेवायची. उन्हाळ्यात तिने रूबार्बचा पाय केला नाही, देठं तशीच वाढून पिवळी पडली. एकदा मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. म्हटलं, "हेटीबाई, ती वही परत बघू या का?" ती म्हणाली, "नको. तू थकशील." मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ती गेली, दुपारी, खुर्चीतच. मी दार वाजवलं आणि आतून उत्तर आलं नाही. कॅरलला फोन मी केला आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, "युवर मदर, नॉट गुड. कम." तेव्हासुद्धा.

चर्चच्या हॉलमध्ये पुष्कळ लोक आले. प्रोफेसर आले, कुठून कुठून वाचणाऱ्या बायका आल्या. एका तरुण मुलीने तो कपडे वाळत घालण्याचा निबंध वाचला आणि लोक डोळे पुसत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून मांडीवरच्या कागदी रुमालाची चार वेळा घडी घातली. खोकी लायब्ररीत गेली.

वर्ष-दीड वर्षाने कॅरल आमच्या दारात उभी राहिली. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल, आईसारखीच उंच. मी चहा ठेवला. तिने पर्समधून एका पानाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. मला वाचायची गरज नव्हती. ती म्हणाली, "लायब्ररीवाल्यांनी हे मला छापायच्या आधी दाखवलं. ममने फोनवर सांगितलं होतं की तिने तपासलं, काही नाही. मरायच्या आधी ती माझ्याशी खोटं बोलली. डॅड गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला कळायला हवं होतं, आणि तिला ते शेवटीसुद्धा सांगवलं नाही." ती रडत नव्हती. तिला राग आला होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. म्हातारी खोटारडी ठरली असती आणि मी चहा ओतला असता. मी म्हटलं, "ती नाही खोटं बोलली. मी बोलले."

"तुम्ही अक्षरं वाचायचात. तुम्हाला कळत नव्हतं ना?"

"कळत होतं. त्या दिवशी सगळं कळलं. मी तिला म्हटलं, पान कोरं आहे. तिचा हात कोऱ्या पानावर ठेवला. ती तुम्हाला सांगणार होती. लिहून असेल तर सांगणार, असं म्हणाली होती."

कॅरल माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे चांगले होते, ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "का?"

मी तिला मामाचं सांगितलं, एस.टी.चं, केळ्यांचं. इंग्रजीत ते फार वेडगळ वाटलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला बसमध्ये माहीत होतं?"

"हो."

"मामाला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मग ते कोणासाठी होतं?"

चहा उतू जाऊन जळला, अलार्म वाजायला लागला, आणि मी टॉवेल घेऊन उठले. परत वळले तेव्हा ती कोट घालत होती. चहा तसाच राहिला. दारात ती म्हणाली, "तिने मला सांगितलं असतं." प्रश्न होता का ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "यस. शी वॉज रेडी." तिने मान हलवली आणि गेली. त्या संध्याकाळी मी घरात सगळं सांगितलं. सुहास म्हणाला, "आई, तुझा हेतू चांगला होता." मेघनाने उठून जळलेलं पातेलं घासायला घेतलं, आणि मला ते जास्त बरं वाटलं.

पुढच्या वर्षी ते लाकडी घर पाडलं. एका दुपारीत. तिथे आमच्यासारखीच दोन घरं झाली. त्यानंतर काही महिन्यांनी पोस्टाने एक जाड पुस्तक आलं. हेटीबाईच्या वह्यांमधली निवडक पानं, कॅरलची प्रस्तावना. बुधवारचं पान होतं, जसंच्या तसं. त्याच्यापुढे तो जुना निबंधही छापला होता, शेजारी शेजारी. आता कॉलेजात दोन्ही एकत्र शिकवतात म्हणे, आणि हेटीबाईचं नाव पूर्वीपेक्षा जास्त झालं आहे. पण शेवटचा निबंध त्यात नाही. तो लिहिलाच गेला नाही. लोक तिच्याबद्दल तर्क करतात, ती लपवत होती म्हणतात, काही म्हणतात विसरली.

प्रस्तावना मी स्वतः वाचली, दोन दिवस लागले. तिच्यात एका ठिकाणी मी होते, नाव न घेता. कॅरलने लिहिलं होतं की शेवटच्या वर्षांत एक शेजारीण आईला वह्या वाचून दाखवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, नुसती अक्षरं येत होती, आणि तिच्याकडून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. म्हणून आईला हे पान कधी सापडलं नाही.

मी इराला बोलावलं. ती तेव्हा तेरा वर्षांची. म्हटलं, "मला कॅरलला पत्र लिहायचं आहे, हे चूक छापलंय." इराने ती ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "आजी, शी नोज. शी वॉज बीइंग नाइस. लेट इट गो ना."

मी पुस्तक मिटलं. पत्र इंग्रजीत धाडलं नाही, कॅरलचा पत्ता बदलला होता आणि मी शोधला नाही. आता ती आहे की नाही तेही मला माहीत नाही. म्हणून मराठीत लिहिते, माझ्या अक्षरात. दोन पानं एकदम उलटली नव्हती. मी एकच पान उलटलं, आणि त्याच्यावरची प्रत्येक ओळ मला वाचता आली.